रंगवलेला डोंगर आणि फोडलेला डोंगर

महाराष्ट्रातील बहुतेक शहरांप्रमाणे पनवेलच्या भिंतींवरही गेल्या काही वर्षांत रंग चढला आहे. स्वच्छतेच्या स्पर्धा सुरू झाल्यापासून शाळांची कुंपणे, उड्डाणपुलांचे खांब, सरकारी कचेऱ्यांच्या भिंती यांवर चित्रे काढण्याची चढाओढ सर्वत्रच लागली. या चित्रांत बहुधा एक डोंगर असतो. तो हिरवागार असतो, त्याच्यामागून सूर्य उगवत असतो आणि पायथ्याशी वारली पद्धतीची पांढरी माणसे फेर धरून नाचत असतात. चित्रे वाईट नसतात. ती काढणारे तरुण मनापासून राबतात आणि त्यांना चार पैसे मिळतात, हेही चांगलेच आहे. या उपक्रमांना 'लोककला' आणि 'लोकसहभाग' असे शब्द जोडले जातात. आक्षेप आहे तो या शब्दांना.

कारण त्याच भिंतीपासून पश्चिमेकडे तोंड वळवले, तर तेथे आता उलव्याचा डोंगर दिसत नाही. सुमारे ९० मीटर उंचीचा हा डोंगर २०१७ पासून सुरुंग लावून फोडण्यात आला आणि सखल जमिनीवर भराव पडला. उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. कोल्ही, कोपर, चिंचपाडा, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशा दहा वस्त्या उठल्या. १,१६० हेक्टरांवर उभ्या राहिलेल्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. भिंतीवर डोंगर चढला आणि जमिनीवरचा डोंगर उतरला. या दोन घटना एकाच काळात, एकाच तालुक्यात घडाव्यात, हा योगायोग मानून सोडून देण्यासारखा नाही. डोंगराचे चित्र काढण्याचा अधिकार लोकांना देणारी आणि डोंगराविषयी बोलण्याचा अधिकार त्यांच्याकडून काढून घेणारी व्यवस्था एकच आहे.

पनवेलला कोणी गिरिस्थान म्हणणार नाही. पण ते डोंगराच्या ओटीतले गाव आहे. पूर्वेला माथेरानची रांग, तिच्या कडेला प्रबळगड आणि त्याला खेटून उभा असलेला कलावंतिणीचा सुळका, पुढे इर्शाळ आणि माणिकगड, दक्षिणेला मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरणारा कर्नाळ्याचा अंगठा. माथेरानच्या उतारावरून गाढी नदी खाली येते आणि पनवेलच्या कडेने खाडीला मिळते. डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या भातजमिनीवर आगरी शेतकरी, खाडीकाठी कोळी, डोंगरउतारावर ठाकूर आणि कातकरी असा हा समाज शतकानुशतके वसला. बैलगाडीच्या चाकांसाठी एके काळी पनवेलचे नाव होते. १८५२ साली येथे नगरपालिका आली आणि २०१६ साली महानगरपालिका. या गावाला बदल नवा नाही. प्रश्न बदलाचा नसून बदल कोण ठरवतो, हा आहे.

या समाजाची कला कोठे होती? ती भिंतीवर टांगण्याची वस्तू नव्हती. आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते. वधूवरांचे लग्न तिच्या गाण्याने लागते; गाणे हाच विधी असतो. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक कामाला तिचे वेगळे गाणे असते आणि त्यातून गावच्या देवदेवतांना लग्नाचे आवतण जाते. हे गाणे शिकवणारी शाळा नाही. थोरल्या बाईबरोबर मांडवात बसून धाकटीने ते उचलायचे, एवढीच त्याची परंपरा. डोंगरातल्या ठाकरांचा कांबडनाच असाच आहे. कलावंतिणीच्या सुळक्यावर शिमग्याला माचीप्रबळचे आदिवासी चढतात आणि माथ्यावर नाचतात, अशी प्रथा आहे. आज त्याच सुळक्यावर आठवड्याच्या सुट्टीला शहरातून येणाऱ्यांची रीघ लागते आणि पायऱ्यांवर छायाचित्रांसाठी दाटी होते. परंतु तो माथा ज्यांच्या सणाचे अंगण होता, त्यांच्याविषयी त्या गर्दीला काही ठाऊक नसते.

भिंतीवरच्या वारली चित्राचे मूळही तपासून पाहावे. डहाणू-जव्हारकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाष्णी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. भिंत त्यांची, पीठ त्यांच्या शेतातले, लग्न त्यांच्या घरचे. त्या चित्रातून शेत, घर आणि लग्न काढून घेतले म्हणजे जे उरते, ते आज पुलाच्या खांबावर आहे. कला तीच दिसते. तिच्यातला समाज मात्र नाहीसा झालेला असतो.

पनवेल-उरणच्या लोकांच्या पायाखालची जमीन सरकू लागली ती १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाल्यापासून. मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी अधिसूचित झाल्या. नगररचनाकारांच्या नकाशावर ही जागा जवळजवळ कोरी होती. वस्तुतः तेथे भातखाचरे होती, मिठागरे होती, भरतीचे पाणी अडवणारे बांध आणि उघाड्या होत्या. प्रत्येक शेताला नाव होते. नकाशावर ही नावे आली नाहीत. तेथे सेक्टरचे क्रमांक आले. नाव जाणे आणि क्रमांक येणे यांत केवढे अंतर आहे, हे ज्याची जमीन गेली त्यालाच कळते.

लोक गप्प बसले नाहीत. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्याचा लढा पेटला. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या बलिदानामुळेच साडेबारा टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. त्याआधी २५ सप्टेंबर १९३० रोजी याच परिसरातील चिरनेरच्या डोंगरात जंगल सत्याग्रह झाला होता आणि तेथेही शेतकरी-आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. डोंगर कोणाचा, हा प्रश्न या मातीला विमानतळाने शिकवलेला नाही. तो तिने फार पूर्वी रक्त सांडून विचारला आहे.

हा लढा निवेदनांइतकाच गाण्यांनी जिवंत ठेवला. दि. बां.चे नाव विमानतळाला द्यावे म्हणून १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली आणि २४ जून रोजी बेलापूरला सिडको भवनाकडे हजारोंचा जनसमुदाय लोटला. पुढे २०२२ साली राज्य विधिमंडळाने तसा ठरावही केला. या काळात आगरी-कोळी बोलीतली गाणी घरोघर पोहोचली. ज्या बोलीला शहरात हसले जात असे, त्या बोलीतून तरुण मुले आपल्या नेत्याचे नाव अभिमानाने गाऊ लागली. ही खरी लोककला. तिला कोणी निविदा काढून बोलावले नव्हते.

येथे आपल्या बाजूचे दोषही मान्य केले पाहिजेत. साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. पण पुष्कळांचे ते बांधकाम व्यावसायिकांच्या हाती गेले. काही घरांत एकदम पैसा आला आणि हळदीच्या रात्री धवलारणीच्या जागी कर्णकर्कश ध्वनिक्षेपक आले. नव्या गाण्यांत बंगला, गाडी, सोने यांचे कौतुक वाढले. शेत आणि खाडी तोंडी लावण्यापुरती उरली. या बदलाबद्दल तरुणांना नावे ठेवणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. धवल्यातले भात ज्या मुलाने कधी लावले नाही, ज्या मुलीने उघाडी पाहिलेली नाही, त्यांनी ते गाणे कशाच्या आधारावर म्हणायचे? गाण्यातला शब्द आणि डोळ्यांसमोरची वस्तू यांची ताटातूट झाली की गाणे पाठांतर बनते. ते पुढल्या पिढीत स्पर्धेच्या व्यासपीठावर सादर होते आणि त्याच्या पुढल्या पिढीत संग्रहालयात जाते. हा दोष पिढीचा नव्हे. तो जमिनीच्या व्यवहाराचा आहे.

आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती, त्यांचे काय? डोंगरातल्या ठाकूर-कातकऱ्यांना साडेबारा टक्के कशाचे मिळणार? वीटभट्टीवर आणि मजुरीवर जगणाऱ्या कातकऱ्याची गणना अनेकदा प्रकल्पग्रस्तांत होत नाही, कारण त्याच्याकडे दाखवायला सात-बारा नसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह हाती लागले. ५७ जण ढिगाऱ्याखालीच राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ती ठाकरांची वाडी होती. सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते.

गाणी असती तर दरड थांबली असती, असा भाबडा दावा कोणी करू नये. तो मृतांचा अपमान ठरेल. परंतु ज्या यंत्रणेच्या कागदावर ती वाडी धोक्याची म्हणून नोंदलेलीच नाही, त्या यंत्रणेला डोंगर कळतो असे तरी कसे म्हणायचे? कोणत्या घळीतून पावसात पाणी येते, कोणत्या उतारावर झाड टिकत नाही, कोणत्या दगडाला लोक नाव देऊन टाळतात, हे ज्ञान डोंगरावर राहणाऱ्यांकडे असते आणि ते बहुधा कथा, गाणी, स्थळनामे यांच्या रूपानेच असते. ते अचूक असेलच असे नाही. पण विचारलेच नाही, तर तपासणार कसे? वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ घरे बांधली गेली, ही जमेची बाजू. तथापि घराबरोबर नाचाचे अंगण, देवाची जागा आणि जंगलाची वाट यांचा हिशेब पुनर्वसनाच्या शासकीय नमुन्यात कोणत्या रकान्यात भरायचा, याचे उत्तर आपल्याकडे आजही नाही.

पर्यावरणाचा बोजा कोणी वाहायचा, हाही प्रश्न येथेच उभा राहतो. पनवेलच्या शेजारी पेण आहे, गणेशमूर्तींचे गाव. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर निर्बंध आणले. तळी आणि खाड्या स्वच्छ राहाव्यात, हा हेतू योग्यच आहे. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु एका हंगामावर वर्षभराची चूल चालवणाऱ्या मूर्तिकाराला पर्यावरणाचे धडे देणारे शासन, अख्खा डोंगर खाडीकाठच्या दलदलीत लोटताना तेच धडे स्वतः किती गिरवते? मूर्ती विरघळायला किती दिवस लागतात, याची चौकशी होते. भरावानंतर डुंगी गावात पावसाचे पाणी शिरू लागले तेव्हा मात्र चौकशीसाठी गावकऱ्यांनाच हेलपाटे घालावे लागले. लहान माणसाच्या हातून होणारे प्रदूषण हा गुन्हा आणि मोठ्या भांडवलाच्या हातून होणारे प्रदूषण हा विकास, अशी ही विभागणी आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते : 'तुम्हांला विमानतळ नको, रस्ते नकोत, नोकऱ्या नकोत, तुम्हांला लोक चिखलातच हवेत.' हे उत्तर अप्रामाणिक आहे. या भागातल्या तरुणाला नोकरी हवी आहे, आणि विमानतळावर ती त्यालाच प्रथम मिळावी म्हणून तो भांडतो आहे. भातलावणीचे कष्ट ज्यांनी उपसले, ते त्यांचे गोडवे गात नाहीत. विकासाला नकार हा मुद्दाच नाही. मुद्दा असा की, निर्णयाच्या वेळी लोक नकोत आणि उद्घाटनाच्या वेळी लेझीम खेळायला लोक हवेत, ही रीत बंद झाली पाहिजे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत महामुंबई सेझच्या प्रश्नावर जनमत चाचणी झाली. शेतकऱ्यांनी रांगा लावून आपले मत नोंदवले आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. मत विचारले तर रायगडचा शेतकरी ते विचारपूर्वक देतो, याचा हा पुरावा आहे.

दुसरे उत्तर अधिक सौम्य असते : 'कला आणि राजकारण यांची गल्लत करू नका.' महाराष्ट्राला हे सांगणे विनोदी आहे. लाल बावटा कलापथकातून अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर गिरणगावात गायले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांसारखा कवी आणि निळू फुल्यांसारखा नट गावोगाव फिरवला. त्यांनी कलेचे अवमूल्यन केले, की ती मोठी केली? हिमालयात १९७३ साली मंडल गावी आणि १९७४ साली रैणी गावी चिपको आंदोलन उभे राहिले, तेव्हा घनश्याम सैलानी यांची गाणी गढवालच्या पायवाटांवरून गावोगाव पोहोचली. ठेकेदाराच्या कुऱ्हाडीपुढे उभ्या राहिलेल्या बायकांना ती आपली वाटली, कारण त्यांतले झाड हे त्यांच्या सरपणाचे आणि पाण्याचे झाड होते. डोंगराळ मुलखातील लोककलेने पर्यावरणाच्या संकटाला दिलेले ते उत्तर होते. त्या कलेपाशी भिंत नव्हती, रंग नव्हता. गाणाऱ्यांचा झाडावर हक्क होता आणि तो सोडायची त्यांची तयारी नव्हती.

मग पनवेलमध्ये काय करता येईल? नवे कायदे येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. झाडे, पिके, मासे, पक्षी आणि त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान यांची नोंद तीत व्हावी, अशी अपेक्षा आहे. ही वही कार्यालयात बसून भरण्याऐवजी धवलारणीला, ठाकूर नाचकऱ्याला, खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याला बोलावून भरावी. कोणत्या गाण्यात कोणत्या झाडाचे नाव येते, ते झाड आज कोठे आहे, शेताचे जुने नाव काय होते, नदीचा जुना मार्ग कोणता, हे सारे त्यांच्याकडून लिहून घ्यावे आणि सांगणाऱ्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी. असे गाणे नोंदवहीत गेले की ते करमणूक राहत नाही. ते साक्ष बनते.

दुसरी गोष्ट जनसुनावणीची. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. प्रत्यक्षात तो सारांश इतक्या किचकट भाषेत असतो की मराठीत असूनही कळत नाही. गावच्या कलापथकांनी हा सारांश हाती घ्यावा, त्याचे वगनाट्य करावे, सुनावणीपूर्वी आठ दिवस ते चावडीवर दाखवावे. किती डोंगर फुटणार, किती पाणी वळणार, किती घरे उठणार, हे आकडे लोकांना हसत-रडत पाठ झाले पाहिजेत. २०१३ साली विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचे नियोजन सिडकोकडे गेले, तेव्हा त्यात प्रारंभी २७० गावे होती. पुढचा आराखडा डोंगराच्या पायथ्याकडेच सरकणार आहे. कलापथकांना कामाची टंचाई पडणार नाही.

तिसरी मागणी जागेची आहे. प्रत्येक विकास आराखड्यात, प्रत्येक पुनर्वसित वसाहतीत गावाच्या सामाईक मालकीचे एक मोकळे अंगण असावे. ते कोणत्याही कारणाने विकता येऊ नये. पनवेल शहरात आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, त्याचा अभिमानच आहे. पण धवला नाट्यगृहात गायचा नसतो आणि कांबडनाच रंगमंचावर रंगत नाही. त्यांना माती लागते. सुशोभीकरणावर होणाऱ्या खर्चातील काही हिस्सा महापालिकेने अशा अंगणांसाठी आणि तेथे शिकवणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या मानधनासाठी राखून ठेवावा. ही दया नव्हे, थकबाकी आहे.

भिंती रंगवू नका, असे कोणी म्हणत नाही. अवश्य रंगवा. पण ज्या मुलांच्या हातात आपण कुंचला देतो, त्यांना एकदा उलव्याला न्या, एकदा इर्शाळच्या पायथ्याशी न्या. तेथे काय होते आणि आता काय आहे, हे तेथल्या माणसांच्या तोंडून ऐकू द्या. मग भिंतीवर काय काढायचे, ते त्यांचे त्यांना ठरवू द्या. त्या चित्रात कदाचित उगवता सूर्य नसेल आणि पाहुण्यांना ते आवडणारही नाही. पण ते पनवेलचे चित्र असेल. धवलारणीच्या वयाच्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. फुटलेला डोंगर पुन्हा उभा करता येत नाही. उभ्या असलेल्या डोंगराबद्दल बोलण्याचा हक्क मात्र अजून मिळवता येईल, आणि तो मिळवायचा तर या बायकांच्या मांडवात जाऊन बसण्यापासून सुरुवात करावी लागेल.